'लाइन बंद राहील' : एका शब्दाने किती कामं करायची?

मुद्रितशोधक (ऐरोली) :

गेल्या बुधवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं : 'उद्या सकाळी १० ते २ लाइन बंद राहील. सहकार्य करावे.' खाली एक सही, तीही वळवळत गेलेली.

कुठली लाइन ते नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पाण्याचीच असणार असा निकाल दिला आणि रात्री अकरापर्यंत अख्ख्या विंगेने पिंपं, बादल्या, कळश्या भरल्या. शेजारणीने तर इडलीपात्रही सोडलं नाही. समोरचा मुलगा घरून काम करतो, त्याला वाटलं नेटची लाइन. तो सकाळी आठलाच लॅपटॉप काखेत मारून घणसोलीला मावशीकडे गेला. वरच्या आजोबांनी विजेची धरली आणि लिफ्टमध्ये अडकायला नको म्हणून दूध, पेपर, भाजी सगळं नऊच्या आत उरकून घेतलं. दहा वाजले. नळाला पाणी धो धो, पंखे गरगर. आमच्या कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी काही होईना. शिट्टी उचलून पाहिली, रबर गेलं असेल म्हणून हळहळलो, शेवटी वाकून बघितलं तर बर्नरची निळी ज्योत आक्रसत आक्रसत विझत होती. लाइन गॅसची होती. डाळ अर्धी कच्ची, आणि घरात पाणी मात्र दोन दिवस पुरेल इतकं.

मी एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. खिळे जुळवणारे हात पाहिले, लायनो यंत्रही पाहिलं. त्याच्या तर नावातच 'लाइन ऑफ टाइप' आहे; १८८६ साली ते आलं आणि एकेक खिळा जुळवण्याऐवजी अख्खी ओळ शिशात ओतून द्यायला लागलं. तेव्हा लाइन या शब्दाशी माझं जुनं वैर वगैरे काही नाही. उलट पोट भरलंय त्याच्यावर.

पण मराठीत हरेक लांबट, सरळ गोष्टीला आपापलं नाव होतं. पेनाने ओढली ती रेघ. भूमितीतली, नकाशातली, सरकारी कागदातली ती रेषा. म्हणून दारिद्र्यरेषा, नियंत्रण रेषा. छापलेली ती ओळ. माणसं एकामागे एक उभी राहिली की रांग. कपडे वाळत घालायची दोरी. गवंड्याचं सूत. उसातली सरी. नुसतं नाव ऐकलं तरी समोर काय आहे ते कळायचं. आता या सगळ्यांच्या जागी एकच पाहुणा येऊन बसलाय. वहीत लाइन, कवितेची लाइन, तिकिटाची लाइन, पोलीस लाइन, 'मुलगा कुठल्या लाइनला आहे?' सातवीतल्या नातवाच्या वर्गात बाई म्हणाल्या, समासाला लाइन मारा. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

इंग्रजीची ही सवयच आहे म्हणा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ मोजलेत. त्यांना ते परवडतं, कारण शब्दामागे लावायला अप, डाउन, आउट, ओव्हर अशी शेपटं त्यांच्याकडे आहेत. आपण मुंडकं तेवढं उचलून आणलं.

माझं म्हणणं असं की आपण एक शब्द घेतला आणि त्या बदल्यात सात-आठ दिले. हा सौदा तोट्याचा आहे. तुम्हाला काय वाटतं?


तिखटमीठ (ठाणे पश्चिम) :

काका, डाळीबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण आरोपी चुकीचा पकडलात. दोष शब्दाचा नाही, ज्याच्या हातात खडू होता त्याचा आहे.

आता हीच सूचना शुद्ध मराठीत लिहून बघा. पाण्याची ती जलवाहिनी, गॅसची ती गॅसवाहिनी, विजेची ती वीजवाहिनी, सांडपाण्याची मलवाहिनी. तुमच्या सेक्रेटरींनी घाईत मागचं तेवढं ठेवलं असतं तर फळ्यावर आलं असतं, 'उद्या १० ते २ वाहिनी बंद राहील'. मग? पाणी भरायचं, गॅस बघायचा की संध्याकाळच्या मालिकेचं काय होणार याची काळजी करायची? वर खडू घसरला आणि काना राहिला तर 'उद्या १० ते २ वहिनी बंद राहील'. आमच्या घरी या सूचनेचं टाळ्या वाजवून स्वागत होईल, तो भाग वेगळा.


रबाळ्याचा_राजू :

वहिनी बंद 😂😂 सहकार्य करावे


कडवा_मावळा :

धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत. वरच्या दोन प्रतिसादांसारखं हसण्यावारी नेऊन विषय बुडवू नये.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्य उभं करताना राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांच्या जागी कुठले शब्द वापरायचे याची यादीच. लढाया, किल्ले, आरमार एवढं सगळं चालू असताना त्यांना भाषेसाठी वेळ होता. पुढे सावरकरांनी महापौर, दिनांक, चित्रपट हे शब्द दिले. तेव्हाही लोक हसले होते. आज महापौर म्हणताना कोण हसतं? ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटायचे आणि रांगेला रांग म्हणायला लाजायचं, हे कसलं प्रेम? शब्द वापरला की रुळतो. नाही वापरला की मरतो. इतकं सरळ आहे.


पगारी_रजा :

मावळेसाहेब, दिनांक रुळला हे खरंच. पण त्याने तारीख मेली का? फॉर्मवर दिनांक लिहितो आणि 'लग्नाची तारीख काढली का' असंच विचारतो. तारीख अरबी. दोघं सुखाने नांदतायत, कोणी कोणाला घराबाहेर काढलं नाही. मग लाइन आली म्हणून रांग मरेल हे कशावरून?

आणि खोदायलाच बसलात तर त्या फळ्यावरच्या तीन शब्दांकडे बघा. 'लाइन बंद राहील.' लाइन इंग्रजीतून, बंद फारसीतून, राहील तेवढं आपलं. बंदबद्दल कुणी धागा काढला नाही. माझ्या नावातला पगार पोर्तुगीज, घराची चावीही पोर्तुगीज. 'फक्त मराठी बोला' म्हणतो त्यातला 'फक्त'च अरबी. तीन-चारशे वर्षं झाली की गुन्हा माफ होतो असं काही कलम आहे का? असेल तर लाइनचेही थोडेच दिवस राहिलेत. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली १८५३ साली, ती लाइनवरूनच आली. इतका जुना भाडेकरू. पागडीची खोली आहे, आता निघत नाही तो.


रूळमित्र :

रेल्वेचा विषय निघालाच म्हणून. मी या खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आमच्याकडे 'लाइन क्लिअर' ही नुसती बोलायची पद्धत नाही, तो नियम आहे. मागच्या स्टेशनाने विचारायचं, पुढच्याने आपल्याकडची लाइन मोकळी आहे हे बघून 'लाइन क्लिअर' द्यायचं, त्याशिवाय गाडी सुटत नाही. एकेरी लाइनवर तर ड्रायव्हरच्या हातात खूण म्हणून टोकनचा गोळा देत. वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या पिशवीत असायचा तो. गाडी न थांबता जाणार असेल तर पॉइंट्समन ते कडं उंच धरून उभा राही आणि इंजिनातला माणूस चालत्या गाडीतून दंड घालून ते उचली. लोकलच्या ऑटोमॅटिक सिग्नलवर याची गरज नसते, पण शब्द तोच. आता इथे 'मार्ग मोकळा' म्हणायला हरकत नाही, फक्त फोनच्या दुसऱ्या टोकाला बिहारचा किंवा आंध्रचा स्टेशन मास्तर बसलेला असू शकतो.

पेपर बघा. 'ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका' असं फेब्रुवारी २०२२ ला सगळीकडे छापून आलं. अतिशय देखणा शब्द. फलाटावर एकाही माणसाच्या तोंडून मी 'मार्गिका' ऐकलेला नाही. रविवारच्या मेगाब्लॉकच्या बातमीत 'हार्बर मार्ग' असतो, आणि ती बातमी मोठ्याने वाचणारा माणूस पुढच्याच वाक्यात म्हणतो, 'हार्बर लाइनची बोंब आहे आज.'

शेवटचं एक. ठाण्याहून वाशीला गाड्या सुरू झाल्या २००४ ला. तिचं नाव ट्रान्सहार्बर लाइन. आता नऊ-दहा नंबरच्या पुलावर उभं राहून विचारा, ट्रान्सहार्बर किती जण म्हणतात. लोक म्हणतात 'वाशी गाडी', 'पनवेल गाडी'. लांबलचक इंग्रजी नाव लोकांनी आपणहून टाकून दिलं आणि साधी मराठी जोडी केली. लोकांना जे सोयीचं ते टिकतं. कोशातलं असो नाहीतर कंपनीचं.


वऱ्हाडी_ठेचा (कोपरखैरणे) :

हे वाचून मला माझ्या लग्नानंतरचा पहिला मे महिना आठवला. माझं माहेर अमरावतीकडचं, सासर ठाण्याचं. माझी आई राहायला आली होती. दुपारी मी ऑफिसात, नवरा ठाणे स्टेशनात गाडीची वाट बघत. आईने त्याला फोन केला, 'जावईबापू, लाइन गेली.' तो म्हणाला, 'हो का? कुठे?' त्याला वाटलं ओव्हरहेड वायर तुटली, टीव्हीवर दाखवत असतील. आई म्हणाली, 'कुठे म्हणजे, सगळीकडेच गेली.' हा बाबा फलाटावरून बाहेर पडला, नाक्यावरून रिक्षा केली आणि तीनशेच्या वर पैसे घालवून घरी आला. घरी आई पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली.

आमच्या विदर्भात लाइट जात नाही, लाइन जाते. 'लाइन आली का वो?' असंच विचारतात. आता मला सांगा, लंडनच्या माणसाला 'द लाइन हॅज गॉन' म्हटलं तर त्याला अंधार झालेला कळेल का? नाही कळणार. म्हणजे हा अर्थ आमचा आहे, तिकडून आणलेला नाही. 'लाइन मारणे'ही आपलंच. मुलगा चौकात उभा राहून काय करतो हे इंग्रजीत सांगायला त्यांना दुसरे शब्द लागतात. मुद्रितशोधककाका, तुम्ही म्हणता आपण एक घेऊन आठ दिले. मी म्हणते एक घेतला आणि त्यातून दोन-चार नवे काढले. नफ्यातच आहोत.


मुद्रितशोधक :

वऱ्हाडीताई, तुमच्या जावयाची, म्हणजे तुमच्या आईच्या जावयाची, रिक्षा आणि माझी डाळ एकाच कारणाने गेली. तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत असं मी धरतो.

तिखटमीठ, वाहिनीचा मुद्दा मान्य. चपखल आहे. पण 'वाहिनी' कोणीतरी बसून बनवलेला शब्द आहे. मी रेघ, ओळ, रांग यांच्याबद्दल बोलतोय. ते कोणी बनवले नाहीत, ते घरचे आहेत.


खडू_फळा (वाशी) :

समासाला लाइन मारा म्हणणारी ती बाई मी नव्हे. पण वीस वर्षं गणित शिकवते आहे, आणि मला काका बरोबर वाटतात. इथे बरेच जण मजेत आहेत म्हणून थोडं गंभीर लिहिते.

भूमितीत रेषा वेगळी, रेषाखंड वेगळा, किरण वेगळा. रेषेला दोन्हीकडे शेवट नाही, रेषाखंडाला दोन्हीकडे आहे, किरणाला एकीकडे. पूर्वी मी फळ्यावर एक रेघ ओढायची आणि विचारायची, ही रेषा आहे का? वर्गात वाद व्हायचा. एखादा हुशार पोरगा म्हणायचा, बाई, ती रेघ आहे, रेषा काढताच येत नाही, कारण फळा संपतो. हे तो म्हणू शकायचा कारण त्याच्याकडे दोन शब्द होते. जे काढता येतं ते आणि जे मनातच राहतं ते. आता सेमी-इंग्लिशमध्ये दोन्हीला लाइन. तोच प्रश्न विचारला की मुलं माझ्याकडे बघत राहतात. 'लाइनच आहे ना टीचर?'

मुलं कमी हुशार झालीत असं नाही. समजावलं की समजतं. पण पूर्वी जी अर्धी गोष्ट भाषाच शिकवून टाकायची, ती आता मला शिकवावी लागते. पगारी_रजा म्हणतात दोन्ही शब्द सुखाने नांदतात. तुमच्या तोंडात नांदत असतील. माझ्या वर्गात रेघ शब्द शेवटचा कधी ऐकला ते मला आठवत नाही.


ओळंबा (घोडबंदर रोड) :

बाईंचं म्हणणं पटलं. तरी कामावरचं सांगतो.

मी बांधकामावर सुपरवायझर. आमच्या धंद्यात लाइन आणि सूत दोन्ही आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत, कोणी शिकवावं लागत नाही. पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याची फक्की मारून आखतात, ते 'लाइनआउट'. वीट रचताना दोन टोकांना ताणून बांधतात ती 'लाइनदोरी'. बघा, एकाच शब्दात दोन्ही भाषा, गाठ मारून. भिंत उभी सरळ आहे का ते बघायला ओळंबा, आडवी बघायला पाणसळ, कोपऱ्याला गुण्या. यातल्या एकालाही इंग्रजी शब्द चिकटला नाही, इंजिनिअर साहेब कितीही प्लंब म्हणोत.

आणि सूत म्हणजे माप. इंचाचा आठवा भाग. सळई मागताना अजूनही 'चार सूत' म्हणतात, बिलावर १२ एमएम छापून येतं. गवंडी बिहारचा, बिगारी बंगालचा, मुकादम सोलापूरचा, पण 'दो सूत बाहेर है' म्हटलं की तिघंही एकाच विटेकडे बघतात.

आता मुद्दा. सूत म्हणजे मूळ कापसाचा दोरा. तो ताणला की सरळ होतो, म्हणून सूत म्हणजे सरळपणा. 'सुतासारखा सरळ केला.' दोघांचं पटलं की 'सूत जुळलं'. मग मापही सूत. एका दोऱ्यातून आपणही चार अर्थ काढलेच की. इंग्रजांनी केलं तर अडचण काय?


टाका_दोरा (कळवा) :

ओळंबाभाऊंनी दार उघडलंच आहे तर आत येते. मी ब्लाउज शिवते, शब्दांचाही नाद आहे.

इंग्रजी लाइनसुद्धा दोराच आहे! लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवसाचं झाड, आपण ज्याला अळशीही म्हणतो तेच. त्याच्या देठाच्या तंतूंपासून कापड व्हायचं ते लिनन. त्याचा दोरा तो लिनिआ. तो ताणून धरला की सरळ रेघ, आणि त्यातून लाइन. म्हणजे त्यांच्या गवंड्यानेही दोरीच ताणली होती, आपली कापसाची, त्यांची जवसाची. गिऱ्हाइकाला मी रोज विचारते, 'लाइनिंग लावायचं का?' तेही त्याच झाडाचं, कारण आतून लिननचं कापड लावायचे. मी अस्तर म्हटलं तर नव्या मुली विचारतात, म्हणजे काय ताई?

आपल्याकडे सूत तसंच सूत्र. मूळ अर्थ दोराच. मंगळसूत्रात तो अजून तसाच गळ्यात आहे. पुढे गणिताचं सूत्र झालं, नाटकाचा सूत्रधार झाला, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन झालं, आणि बातमीतले ते 'विश्वसनीय सूत्रांकडून'. यांना आपण काही म्हणत नाही. उलट म्हणतो वा, काय समृद्ध भाषा. तेच इंग्रजीने केलं की 'एका शब्दाने किती कामं करायची'.

आणि काका, तुम्ही हे सगळं कशात लिहिलंय? धाग्यात. इथे धागा म्हणजे चर्चा हे कुणी ठरवलं? इंग्रजी थ्रेडचं आपण मराठी केलं आणि आता कुणालाच कपड्याचा धागा आठवत नाही.


रबाळ्याचा_राजू :

म्हणजे लाइनचं मूळ जवसाच्या चटणीत. हे मी उद्या डब्यासोबत ऑफिसात सांगणार.


खारकर_आळीकर :

जुना ठाणेकर. आळीचं नाव इथे अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

आळी म्हणजे काय? ओळच. संस्कृत आवली. दिव्यांची आवली ती दीपावली, तिची दिवाळी झाली. घरांची ती आळी. खारकर आळी म्हणजे इंग्रजीत सांगायचं तर खारकर लाइनच. पोलीस लाइन आणि खारकर आळी, दोन्ही शब्दांनी एकच केलंय, घरं ओळीने मांडली आणि त्या ओळीलाच गावाचा तुकडा मानला. आता आळीत ओळीने घरं राहिली नाहीत. टॉवर झाले. तरी पत्त्यावर आळी आहे. शब्दाच्या आतला अर्थ कधीच निघून गेलाय आणि शब्द उभा आहे, त्याचं कुणाला दुःख नाही.

म्हणून रांग जाईल, रेघ जाईल या रडगाण्यात मला रस नाही. एक मात्र खटकतं. इंग्रज इतकी वर्षं इथे होते, ते स्वतः रांगेला क्यू म्हणतात. लाइनमध्ये उभं राहणं हे अमेरिकनांचं. मग क्यू आपल्याकडे का रुजला नाही? माझा अंदाज, क्यू चमत्कारिक वाटतो उच्चारायला, आणि तो पुल्लिंगी की स्त्रीलिंगी ते ठरेना. लाइन मात्र आली ती थेट बायकांत जाऊन बसली. ती रांग, ती ओळ, ती रेघ, ती रेषा, ती दोरी. म्हणून ती लाइन. लाइनीत, लाइनीला, लायनी. सगळे प्रत्यय मुकाट घालून घेते. सुनेने पदर खोचून स्वयंपाकघरात शिरावं तशी शिरली आहे. अशीला परकी म्हणवत नाही.

जाता जाता : क्यू हा फ्रेंच शब्द, अर्थ शेपूट. आपणही लांबलेल्या रांगेला मारुतीचं शेपूट म्हणतोच.


कडवा_मावळा :

सुनेचं उदाहरण गोड आहे. पण सून आली म्हणून घरातल्या पाच मुलींना नावानिशी विसरत नाहीत. खडू_फळा बाईंना इथे कुणीही उत्तर दिलेलं नाही. सगळे व्युत्पत्ती सांगतायत. व्युत्पत्तीने वर्गातल्या मुलाच्या हाती शब्द पडत नाही.


तिखटमीठ :

उत्तर देते. बाई, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो लाइनबद्दलचा नाही. मुलं गणित ज्या भाषेत शिकतात त्याबद्दलचा आहे. त्यांना इंग्रजीत लाइन, लाइन सेगमेंट, रे असे तीन शब्द आहेतच. पण ते त्यांच्यासाठी फक्त पुस्तकातले, घरी कोणी 'सेगमेंट' म्हणत नाही. रेघ आणि रेषा यांच्यातला फरक घरून यायचा. तो घरून येणं बंद झालं, कारण घरात आपण तो करत नाही. मी स्वतः काल मुलीला म्हटलं, 'लाइन सरळ काढ.' तुमचा प्रतिसाद वाचून आज रेघ म्हटलं. तिने विचारलं, रेघ म्हणजे लाइनच ना? मी म्हटलं, हो, पण तुझ्या हाताने काढलेली.

एवढं मी मान्य करते. सोसायटीच्या फळ्यावर 'लाइन' लिहिली म्हणून मराठी बुडाली, हे मात्र अजूनही मान्य नाही.


खडू_फळा :

'तुझ्या हाताने काढलेली' हे मी वर्गात वापरणार. परवानगी गृहीत धरते.


रूळमित्र :

मी पण एक मान्य करतो. नोकरीत असताना आम्हाला नुसतं 'लाइन' लिहायची परवानगी नव्हती. अप लाइन, डाउन लाइन, फास्ट, स्लो, लूप, सायडिंग, कुठली ते लिहायलाच हवं, वेळ लिहायलाच हवी, तारीख लिहायलाच हवी. एक शब्द गाळला तर जीव जातो. तेव्हा शब्द इंग्रजी आहे का मराठी, हा प्रश्न नंतरचा. आधी पुढे-मागे काय जोडलंय ते बघायचं.


मुद्रितशोधक :

वाचतोय सगळं. टाका_दोरा ताईंचं जवस माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण मी आयुष्यभर ओळी तपासल्या आणि त्या दोऱ्याच्या आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरीही ओळंबा आणि ताईंना एक विचारतो. सुताचे अर्थ वाढले तेव्हा दोरा हा शब्द मेला नाही, रेघ मेली नाही, रांग मेली नाही. सूत आपल्या जागी वाढलं. लाइन दुसऱ्यांच्या जागेवर वाढते आहे. हा फरक तुम्हाला दिसत नाही का? मला दिसतो, आणि मी माझं मत बदललेलं नाही.

बाकी एक बातमी. मी सेक्रेटरींकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे खडू माझ्या हातात दिला. म्हणाले, गॅसवाले परत येणार आहेत, काम अर्धं राहिलंय, तुम्हीच लिहा. मी आधी 'वायुवाहिनी' लिहिलं. वॉचमन म्हणाला, साहेब, विमान का? पुसलं. 'गॅसनलिका' लिहिलं, ते मलाच डॉक्टरी वाटलं. पुसलं. शेवटी नाइलाजाने सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'गुरुवारी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत स्वयंपाकाच्या गॅसची लाइन बंद राहील. पाणी व वीज सुरू राहील.' ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं, पूर्णविराम दिले, घरी येऊन चहा घेतला.

संध्याकाळी खाली उतरलो तर कोणीतरी त्याखाली लिहून ठेवलं होतं : 'कुठल्या गुरुवारी?'